त्या दिवसाची हवा

सतरा

"मागे बसलेल्याला आधी उतरायला सांगा."

जागृतीने ब्रेक दाबला. मिठागरांवरचं धुकं मोरव्याच्या वळणावर रस्त्यापर्यंत आलं होतं, इतकं दाट की हँडलवरचे स्वतःचे हातही तिला दुसऱ्या कुणाचे वाटत होते. अर्धं शटर वर केलेल्या एका गाळ्यासमोर एक मुलगा चहाचा ग्लास धरून उभा होता. बोलला तो तोच.

तिने मागे वळून पाहिलं.

सीट रिकामी होती.

"मागे कोणी नाहीये," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला.

तो पुढे आला. सीटकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "सॉरी. धुक्यात मला वाटलं…" मग खाली वाकून त्याने मागच्या टायरवर अंगठा दाबला. "हे बघा, किती बसलंय. एकट्या माणसाच्या वजनाने एवढं बसत नाही. म्हणून म्हटलं, डबलसीट असाल."

"मी जाड आहे असं म्हणताय?"

"मी टायरबद्दल बोलतोय."

"मी पण."

तो हसला, आणि गळ्यातलं हवेचं गेज काढून व्हॉल्वला लावलं. सतरा. पाहिजे होती बत्तीस.

"तापाने घरी होते," जागृती म्हणाली. "गाडी उभीच होती. रोज थोडी थोडी कमी होते."

पण तो ऐकत नव्हता. चाकाकडे बघत होता, लोक तान्ह्या बाळाकडे बघतात तसा. "तारांचं चाक… आणि ट्यूब नाही? हे कोणी केलं?"

"भावाने. घरीच. बोटीची भोकं बुजवायचं रेझिन असतं ना, त्याने."

"कमाल आहे." मग त्याने सांगितलं — सांगताना हात फार हलवत होता. स्पोकच्या चाकात प्रत्येक स्पोकसाठी रिमला एक भोक असतं, म्हणून आत ट्यूब लागते. ट्यूबलेस करायचं तर ती सगळी भोकं आतून बुजवावी लागतात, एकही सुटून चालत नाही. "पण रेझिन कडक. बोट वाकत नाही, स्पोक मात्र खड्ड्याखड्ड्याला वाकतो. कुठेतरी बारीक तडा गेला असणार. टायर उघडतो, ते सगळं खरवडतो, मऊ सीलंट लावतो. उद्या संध्याकाळी गाडी न्या."

"उघडायचं म्हणजे… हवा सगळी जाणार?"

"मग? हवा ठेवून टायर कसं उघडणार?"

"मग नको. वरून भरून द्या फक्त."

त्याने विचित्र नजरेने पाहिलं. पण भरून दिली.

बत्तीस

हवेचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

मागच्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, बोट फेरीला सुटायच्या आदल्या संध्याकाळी तिचा भाऊ अल्पेश तारोडी गावातल्या घराच्या अंगणात पायपंपाने या गाडीच्या चाकांत हवा भरत होता. दुसऱ्या दिवशी तो महिपतच्या बोटीवर गेला. बोट परत आली. माणसं परत आली. जाळं ओढताना अल्पेश कधी पाण्यात गेला, हे कुणी पाहिलं नव्हतं. समुद्राने नंतर काहीच आणून दिलं नाही.

आईने, कमळाबाईने, त्याचे कपडे धुऊन घडी घातले, आणि त्या कपड्यांना नुसता साबणाचा वास यायला लागला. फोटोला हार घालायचा की नाही, यावर घरात कोणी बोलत नव्हतं. गाडीकडे तर कमळाबाई बघायचीही नाही. अंगणातून जाताना पलीकडून वळसा घालायची.

पुढचं चाक मध्ये कधीतरी पंक्चर झालं. राहिलं मागचं. त्यात त्या संध्याकाळची हवा होती. अल्पेश जिवंत होता त्या संध्याकाळची. बांबू बांधून केलेल्या वलांड्यांवर वाळणाऱ्या बोंबलांचा वास, दर्यावरून आलेला वारा, आणि पंप मारताना धापा टाकत तो सोडत होता ते श्वासही त्यात थोडेसे असणारच.

वर्षभर ती हवा टिकली. अधूनमधून जरा वरून भरावी लागे, तेवढंच. मग यंदा, वर्षश्राद्धाच्या तिथीपासून — जे श्राद्ध आईने केलंच नाही — चाक रोज गळायला लागलं.

रोज तेवढंच.

अठ्ठावीस

ती गेजचा फोटो पाठवायची. त्यानेच एक जुनं गेज देऊन सांगितलं होतं, रोज सकाळी पाठवा. त्याचं नाव निहार, एवढं गाळ्याच्या पाटीवर होतं.

— काल तर मी बत्तीस भरली होती.

— माहितीय. मी तिथेच होते.

— व्हॉल्वला साबणाचं पाणी लावून बघितलं?

— बघितलं. बुडबुडा नाही.

— टायर रिमला टेकतं तिथे, कडेने? तुमच्याकडे खारा वारा, रिम गंजते.

— तिथे पण नाही.

— या मग इकडे.

— येतेच आहे. रस्त्यात पडतं.

— रस्त्यात पडतं म्हणूनच येता?

टायपिंग… टायपिंग…

काहीच आलं नाही.

पुन्हा बत्तीस

"उघडत नाही," निहार म्हणाला. "शपथ. नुसतं काढतो आणि पाण्यात धरतो."

निळा ड्रम मधोमध कापून केलेल्या टपात त्याने चाक बुडवलं आणि एकेक स्पोक पुढे सरकवत राहिला. दोघं वाकून बघत होती. त्याच्या कोपराला ग्रीसचा वास होता, आणि कानामागे कालचा साबण राहिलेला होता — तिला तो पुसावासा वाटला, म्हणून तिने हात पाठीमागे बांधले. पाण्यात दोन चेहरे हलत होते. मध्येच तिला तिसरा दिसला. ती दचकली.

"चाकाचा हब आहे तो," निहार हळूच म्हणाला. "मलाही तसाच दिसला."

एकही बुडबुडा आला नाही. चाक पूर्ण फिरलं, पुन्हा फिरलं. पाणी असं स्तब्ध, जणू खाली कुणी श्वास रोखून बसलंय.

निहार मिरा रोडचा. अंधेरीच्या एका ऑफिसातली नोकरी सोडून फक्त तारांची चाकं बांधायचा. त्याचे आईवडील अजूनही पाहुण्यांना मुलगा 'ऑटो लाइनमध्ये' आहे असं सांगत. न सापडणारी गळती म्हणजे त्याला दातात अडकलेला बडीशेपेचा दाणा. त्याने चाक ठेवून घेतलं. जागृती दोन दिवस बसने भाईंदरला गेली, ती जिथे गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची त्या चष्म्याच्या दुकानात. दोन्ही दिवस चाक बत्तीसवर ठाम.

मग चाकाने तारोडीत एक रात्र काढली…

पुन्हा अठ्ठावीस

"म्हणजे माझ्याकडे गळत नाही, तुमच्याकडे गळतं."

"असं कसं असेल?"

"दोनच गोष्टी असू शकतात. एक तर तुमच्या अंगणात काहीतरी आहे. नाहीतर…" तो गालात हसत होता. "नाहीतर कोणीतरी मुद्दाम हवा सोडतं. सकाळी इथे थांबायला निमित्त पाहिजे म्हणून."

"आणि मला वाटतं, कोणीतरी मुद्दाम दुरुस्त करत नाही. उद्या पुन्हा यावं म्हणून."

"मी तर पहिल्याच दिवशी म्हटलं, उघडू."

तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते त्याने पाहिलं असावं, कारण त्याचं हसू कुठे ठेवावं हे त्याला कळेना. मग रस्त्यावरून उत्तनची बस गेली, आणि बसच्या त्या आवाजात, ऐकू न आलं तर बरं अशा बेताने, तिने त्याला सगळं सांगितलं. अल्पेश. पायपंप. ती संध्याकाळ.

त्याला ऐकू आलं होतं.

रोज चार गळायची, रोज चार नवी भरायची. इतक्या दिवसांत जुनी किती उरते, हा हिशोब कुणालाही येईल. निहारला तर सहज आला असता. पण त्याने तो केला नाही. नुसतं म्हणाला, "थोडी उरतेच. असं भरत राहिलं की पूर्ण कधीच जात नाही."

तेव्हा पहिल्यांदा जागृतीला वाटलं, हा माणूस… आणि तो विचार तिने तिथेच सोडला.

दोन दिवसांनी तो तिच्या दुकानात येऊन तपासणीच्या खुर्चीत बसला.

"उजवा डोळा झाका. शेवटची ओळ वाचा."

त्याने घडाघडा वाचली. डाव्यानेही.

"तुमचा नंबर शून्य आहे. चष्म्याची गरज नाही."

"मग ते भोक मला दिसत का नाही?"

"जवळून बघता म्हणून." ती भिंग पुसत होती, एकच भिंग, बराच वेळ.

"मग लांबून बघतो. रविवारी येऊ? गाडी उभी असते ती जागा बघायचीय. संध्याकाळी गार वारा सुटला की रिम आकसत असेल… तेव्हाच गळत असेल. येऊ ना, जागृती?"

नावाने त्याने पहिल्यांदाच हाक मारली होती.

"ये," ती म्हणाली.

(गेज लावलं नाही)

कमळाबाईने त्याला चहा दिला. "चाकवाला हाय?" एवढंच विचारलं, आणि वाळलेले बोंबील उतरवायला निघून गेली.

सूर्य टेकला. भरतीचं पाणी दगडांत शिरून चुळा भरल्यासारखा आवाज करत होतं. गाडी जिथे अल्पेश लावायचा तिथेच, दर्याकडे तोंड करून उभी. निहारला चाक जमिनीलगत ऐकायचं होतं. म्हणून दोघं वलांड्यांच्या मागे वाळूत बसली. बोंबील माथ्यावर लटकत होते, ओळीने, तोंडं उघडी टाकून.

"रोमँटिक आहे," निहार कुजबुजला.

"गप्प बस. वास सहन होतोय ना?"

"तू शेजारी आहेस म्हणून होतोय."

"मी पण याच वासाची आहे."

"म्हणूनच म्हणतोय."

ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात —

फिस्स्…

तिने त्याचं मनगट धरलं. वारा पडलेला होता. बोंबीलसुद्धा हलत नव्हते.

फिस्स्… लहानसा आवाज. झोपेत कूस बदलताना कुणी उसासा टाकावा तसा. आणि मग गाडीच्या पलीकडून कुणीतरी हलक्या आवाजात बोललं —

"भूक लागली काय रं?"

तो आवाज जागृतीने वर्षभर ऐकला नव्हता. तो एकाच माणसाशी बोलायचा आवाज होता.

ती उठली. निहार मागोमाग. चाकाआड कमळाबाई उकिडवी बसली होती. अंबाड्यातला आकडा तिने व्हॉल्वच्या पिनेवर दाबून धरला होता, गाल अगदी जवळ नेला होता, डोळे मिटलेले. कानापाशी सुटलेले पांढरे केस त्या हवेने हलत होते.

"आये…"

कमळाबाई दचकली नाही. "ये. हळू बोल. आताच आलाय."

निहारच्या मनगटातली नाडी जागृतीला स्वतःच्या बोटांत लागत होती.

"वर्ष झालं तवा सगळी म्हनाली, आता विधी कर. मी न्हाय केला. हितं येऊन बसले. म्हटलं, याच्यात हाय तो थोडा. एकदम सोडवंना, म्हनून रोज जरासा सोडते. गालाला लागतो, जातो. पयले चार दिस बसत गेलं, मग रोज सांजच्याला हात लावून बघावं, तर चाक पुन्हा टनक. भरलेलं." तिने डोळे उघडले. ते इतके आनंदी होते की जागृतीला भीती वाटली. "कोन भरनार? तुला तर पंप मारता येत न्हाय. हाय तो, जागू. कुठंतरी हाय. येतो, भरून जातो."

समुद्र चुळा भरत राहिला.

गप्प राहणं सोपं होतं. गप्प राहिलं तर आईला रोज संध्याकाळी मुलगा मिळणार होता. जागृतीने फक्त उद्या सकाळी मोरव्याला थांबायचं. परवाही. पुढच्या दिवाळीलाही. दोघींनी मिळून एका चाकात त्याला कोंडून ठेवायचं, एकीने आत, एकीने बाहेर…

तिने निहारकडे पाहिलं. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. फक्त मनगट वळवून त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला.

"आये, हवा मी भरते."

कमळाबाईने आकडा व्हॉल्ववरून काढला.

"रोज सकाळी. याच्या गाळ्यावर. मला वाटायचं गळते… त्याची आहे, संपू नये म्हणून वरून भरते."

"रोज?"

"रोज."

"मना वाटलं…" कमळाबाईने आकडा पदराला पुसला, अंबाड्यात खोचला. मग म्हणाली, "म्हंजे तू भरायचीस नि मी सोडायची."

"हो."

"आनि हा पोरगा भोक शोधायचा."

"हो काकी," निहार म्हणाला.

कमळाबाईच्या घशातून काहीतरी आलं. हसू असावं, पण वाटेत त्याचं दुसरंच काही झालं. जागृती तिच्याशेजारी वाळूत बसली, आणि वर्षभरात पहिल्यांदा दोघी एकमेकींसमोर रडल्या. निहार दर्याकडे तोंड करून उभा राहिला. हात मात्र जागृतीने सोडला नव्हता, त्यामुळे त्याला जरा वाकडंच उभं राहावं लागलं.

"सोड रं आता, पोरा," कमळाबाई म्हणाली. "सगळी सोड. थोडं थोडं करून मी त्याला जाऊच दिला न्हाय."

शून्य

निहारने व्हॉल्वची पिन फिरवून काढली आणि तो बाजूला झाला. हवा सुटली, आधी जोरात, शिट्टीसारखी, आणि आई तिथे गाल नेऊन बसली, आणि जागृतीने तळहात धरला, आणि ती गार होती, नोव्हेंबरच्या पाण्यासारखी गार.

एवढ्या चाकातून एवढा वेळ हवा येत नाही. निहारने नंतर तसं कबूल केलं.

येतच राहिली.

रबराचा वास. मग नुसता वारा.

मग बारीक.

मग

शून्यच

सकाळी कमळाबाईने चाक रिक्षात स्वतःच्या मांडीवर घेतलं. कुणाला देईना. तारोडी ते मोरवा तिचा एक हात स्पोकमध्ये होता.

"आता हवा गेलीच आहे तर उघडून तडा बघून टाकतो," निहार म्हणाला. लोखंडी पट्टी घालून त्याने टायर रिमवरून उतरवलं, मोबाईलचा टॉर्च लावला, खरवडायला ब्रश उचलला — आणि तसाच थांबला.

"जागृती. इकडे ये. काकींनापण आण."

रिमच्या आत, प्रत्येक स्पोकच्या बुंध्याशी, रेझिनचा पिवळसर ठिपका होता. एकालाही तडा नव्हता. आणि प्रत्येक ठिपक्यावर, सुकण्याआधी दाबलेला, अंगठ्याचा ठसा होता. रेषान् रेष. रिमच्या गोलाईने ते ठसे एकामागे एक पुढे गेले होते, चालत गेल्यासारखे, आणि फिरून जिथून निघाले तिथेच आले होते.

गाळ्यातली ट्यूबलाईट तेवढी किणकिणत होती.

कमळाबाईला जवळचं दिसत नव्हतं. तिने अंगठा फिरवून पाहिला. एक ठसा, दुसरा, तिसरा. "डाव्या हाताचा हाय," ती म्हणाली.

"कसं कळलं?"

"ही आडवी चीर. दोरीनं कापलेला त्याला, ल्हान असताना. मीच हळद लावलेली." आणि तिने आपला अंगठा त्या ठशात अलगद बसवला. तसाच ठेवला.

निहारने सीलंटची ट्यूब फळीवर परत ठेवून दिली. "याला मी हात लावणार नाही. हे कुठूनही गळत नाहीये, काकी. कधीच गळत नव्हतं."

"मग मिटव. वारा नको लागू देऊ."

त्याने टायर चढवलं, कंप्रेसर लावला. टायरच्या कडा रिमला बसताना ठो आवाज झाला, पुन्हा एकदा ठो. कमळाबाईने कानांवर हात ठेवले होते. ते काढून तिने विचारलं, "आता यात कुठली हवा?"

"मोरव्याची."

तिने जरा विचार केला. "चालंल," ती म्हणाली.

चौतीस

नंतरच्या आठवड्यात फोटो सारखेच जात राहिले. बत्तीस. बत्तीस. बत्तीस. मग जागृतीने पाठवणं बंद केलं, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. त्याने विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. कमळाबाईने फोटोला हार घातला, आणि अंगणातून आता ती सरळ जाऊ लागली.

एका दुपारी जागृतीने गाडी मोरव्याला थांबवली. धुकं केव्हाच सरलं होतं. मिठागरांत मिठाचे ढीग इतके पांढरे की डोळे मिचकावावे लागत. निहारने तिला पाहिलं, गेज काढलं आणि मागच्या चाकाला लावलं.

पुन्हा लावलं.

"चौतीस," तो म्हणाला. "मी बत्तीसच भरली होती."

"मी कुठे भरलीय?"

दोघं चाकाकडे बघत राहिली. चाक उभं होतं.

"ऊन आहे," निहार म्हणाला. "गाडी चालवत आलीस. चाक तापलं की दोन वाढते."

"असेल."

"असंच असतं."

"मी कुठे नाही म्हणतेय?"

"जास्तीची काढू?"

"नको," ती म्हणाली. "राहू दे."

कंप्रेसर मागे घुरघुरत टाकी भरत होता. निहारने गेज खोक्यात ठेवलं, झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

"मग… काम काय होतं?"

"काही नाही."

"काहीच?"

"चाक ठीक. व्हॉल्व ठीक. आई पण ठीक. इथे थांबायला माझ्याकडे आता एकही कारण उरलेलं नाही, निहार." तिने हेल्मेट काढून सीटवर ठेवलं. "तरी थांबलेय."

तो हात पुसू लागला, जे आधीच स्वच्छ होते. "काम नीट झाल्याचं मला आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं," तो म्हणाला. "म्हटलं, आता ही बसनेसुद्धा इथून जाणार नाही."

"मग सांगायचं ना."

"सांगतोय."

"हे सांगणं झालं?"

तो काहीतरी बोलला. भरभर, खाली बघून, फडक्याशी बोलल्यासारखं.

"कंप्रेसर चालू आहे," जागृती म्हणाली. "ऐकू नाही आलं."

आलं होतं. पण ते तिला दुसऱ्यांदा हवं होतं.

निहारने भिंतीपाशी जाऊन बटण बंद केलं. घुरघुर थांबली, आणि मोरव्याच्या त्या रस्त्यावर एकदम इतकी शांतता झाली की दूर मिठावर फावडं ओढल्याचा आवाज यायला लागला. तो परत आला. तिच्यासमोर उभा राहिला, गाडीला टेकून, आणि तेच पुन्हा बोलला… या वेळी हळू, तिच्याकडे बघून, एकही शब्द न गाळता.

या वेळी तिला नीट ऐकू आलं.

चाकालाही आलं असावं.